चौरंगाखालचा डबा

आमच्या घरात आवाज दोनच होते. एक कापड फाडल्याचा आणि दुसरा बाबांचा. गांधीबागच्या मागच्या गल्लीत खाली आमचं कापडाचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर, त्यामुळे दिवसभर खालून टर्र, टर्र ऐकू यायचं. बाबा आधी कापड मोजायचे, कैचीनं कडेला बारीकशी खूण करायचे आणि मग दोन्ही हातांनी एका झटक्यात सरळ फाडायचे. सूत इकडचं तिकडे व्हायचं नाही. गिऱ्हाइकांना याचं फार कौतुक. "ताई, हा रंग तुमच्यासाठीच आला पहा," म्हणताना त्यांचा आवाज इतका गोड व्हायचा की वर पोळ्या लाटता लाटता मला हसू फुटायचं, आणि लगेच मी पोळ्या भराभर आटपायला लागायची, कारण दुकानात जितका गोडवा खर्च होई तितका जिना चढून येताना कमी उरलेला असे. बाबा पीत नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझी गोष्ट ऐकली की लोक आधी दारूचं विचारतात, आणि नाही म्हटलं की पुढे काय विचारावं ते त्यांना सुचत नाही. पीत नव्हते, पत्ते कुटत नव्हते, सकाळी आंघोळ झाली की खड्या आवाजात स्तोत्रं म्हणायचे. पूर्ण शुद्धीवर असताना मारायचे.

मारायला कापड मोजायचा गज होता. आजोबांच्या काळचा, लोखंडी, टोकाला पितळेची टोपी बसवलेला. दुकानात नवा हलका मीटर आला तेव्हा हा म्हातारा वर आला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिला. कारण काहीही पुरायचं. वरणात मीठ जास्त, वरणात मीठ कमी, फोन कोणाचा आला, फोन उचलला का नाही. आईच्या दंडावर त्या टोपीचे गोल वळ उठत, आधी लाल, मग जांभळे, मग पिवळे, आणि पिवळे जायच्या आत नवे लाल. तिच्या अंगावरचा पदर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत ओढलेला असायचा. मीही खायची, पण माझ्या वाट्याचा अर्धा मार ती मध्ये पडून स्वतः घ्यायची. ती मध्ये पडली की मला तिचाच राग यायचा. आज केस पांढरे झाले तरी तो राग पुरता गेलेला नाही, कोणावर काढायचा ते तेवढं कळत नाही.

आई खाप्याची. कन्हान नदीच्या काठी, हातमागाच्या खटखटीत वाढलेली. माहेरी तिचं नाव गिरजा होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात, तसं बाबांनी सुनंदा लिहिलं आणि गिरजा तिथेच संपली. गंमत म्हणजे सुनंदा म्हणूनही तिला कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. बाबा नुसते "काय वं" म्हणायचे आणि गल्लीसाठी ती रंजूची आई होती. रंजू म्हणजे मी.

वर्षातला एक दिवस मात्र तिचा असे, दसरा. तिच्या माहेरी त्या दिवशी माग धुऊनपुसून त्याची पूजा व्हायची, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत मागाला कोणी बोटसुद्धा लावायचं नाही, भांडायचं तर बाहेर अंगणात जाऊन भांडायचं. ती रीत तिनं आमच्याकडे आणली. सकाळी चौरंगावर कैची, विळी, जुनी तराजू मांडायची आणि शेवटी दाराआडून गज आणून तोही मांडायची. ज्यानं वर्षभर फोडून काढलं त्यालाच कुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचं! लहानपणी मला ते बघवत नसे, एकदा मी फूल उचलून खिडकीतून फेकून दिलं होतं. पुढे उमगलं की बाई पक्की होती. बाबा देवभोळे, पूजेतल्या वस्तूला हात लावायची त्यांची छाती नव्हती. दसऱ्याच्या दिवशी आमच्या घरात मार बंद असायचा.

मी तेव्हा तंत्रनिकेतनात शिकत होते, आणि दसरा झाला की शिक्षण बंद, दिवाळीनंतर लग्न, असं बाबांनी जाहीर करून टाकलं होतं. त्याच पावसाळ्यात गजाची टोपी आईच्या भुवईला लागली. डोळा पार मिटला म्हणून धंतोलीतल्या एका दवाखान्यात न्यावं लागलं. "मोरीत घसरली, लक्षच नसते हिचं," असं सांगून बाबा हसले, डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. बाबा औषधं आणायला खाली गेले तेव्हा बाईंनी आईला विचारलं, आई पदर मनगटापर्यंत ओढत राहिली. मला विचारलं, मी सगळं सांगून टाकलं, माझं तंत्रनिकेतन बंद होणार तेही. बाईंनी काही सल्ला दिला नाही. कोपऱ्यातल्या जुन्या कम्प्युटरकडे बोट दाखवलं. दवाखान्यात नवा आला होता, हा फेकायचा होता. म्हणाल्या, "हा चालू करून आण. रुग्णांचे कागद टाइप करायचं काम तुझं, आणि मागची खोली तुम्हा दोघींची." खोली त्यांनी तशीही दिली असती, पण आईला मी ओळखते. फुकटच्या छपराखाली ती एक रात्र काढणार नव्हती, त्यापेक्षा मार परवडला असं म्हणणारी. तेव्हा सगळं त्या यंत्रावर येऊन अडलं. ते चाललं तर आम्ही दोघी त्या घरातून सुटणार होतो. नाही चाललं तर मी कोणाच्या तरी घरी जाणार होते आणि आई गजासोबत एकटी राहणार होती.

कम्प्युटर घरी आला तो कॉलेजचा अभ्यास म्हणून. आमच्याकडे कम्प्युटर म्हणजे तो टीव्हीसारखा पडदा. खालच्या लोखंडी खोक्याला आई डबा म्हणायची, आणि तो पडद्याचा स्टूल असावा असंच घरात सगळे समजून होते. एका संध्याकाळी जेवायला वाढायला उशीर झाला म्हणून बाबांनी लाथ घातली. राग पडद्यावर होता, कारण मी पडद्याकडे बघत होते, पण लाथ बसली डब्याला. पडदा आपला उजळलेलाच राहिला, म्हणून बाबांना वाटलं काही बिघडलं नाही. मी डबा उघडून पाहिला तर आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, त्यातली एक मधोमध तडकलेली. मुळात जुनं यंत्र, त्यात स्मरणशक्ती अर्धी झालेली. विंडोज सुरू व्हायला बसायची ती बसूनच राहायची. आज माझ्या खिशातल्या फोनला त्याच्या कितीतरी पट मेमरी आहे आणि तरी तो अडकला की मी शिव्या घालते, पण त्या डब्याला शिवी घालायची माझी हिंमत झाली नाही.

वाट दाखवली करुणानं. माझ्या वर्गातली ही मुलगी बोलायला फटकळ आणि हाताची फार उदार. "काहून रडून राहिली वं?" तिनं डबा बघून विचारलं. "विंडोज म्हणजे मोठ्या घरची सून. तिले हॉल पाहिजे, बाल्कनी पाहिजे. तिच्या जागी लिनक्स टाक. त्यातलंही हलकंवालं. थे एका खोलीत संसार करते." दसऱ्याला तिच्याकडे दीक्षाभूमीला आलेली गावाकडची माणसं दाटीवाटीनं उतरायची, त्यामुळे तिला येता येणार नव्हतं. आदल्या दिवशी तिनं सीडी हातात ठेवली आणि बजावलं की सगळे प्रश्न हे सुरुवातीलाच विचारते, मग बराच वेळ नुसतं सामान लावते, शेवटी दोनदा थांबते, दोन्ही वेळा एंटर दाब, झालं की सीडी आपोआप बाहेर ढकलते. वीज जाऊ देऊ नको आणि मध्ये कोणाला हात लावू देऊ नको, हेही सांगितलं. वीज आमच्या हातात नव्हती. दुसऱ्या गोष्टीसाठी दसऱ्याइतका चांगला दिवस नव्हता.

सकाळी बाबा खाली दुकानाची पूजा करायला गेले. घरात पुरणाचा आणि जायफळाचा वास कोंदला होता, कढीला उकळी येत होती, भज्यांचं पीठ कालवून ठेवलं होतं. मी सीडी घ्यायला गेले तर सीडी चौरंगावर. पडदा चौरंगावर, त्याला झेंडूची माळ, शेजारी कैची, विळी, तराजू आणि गज. डबा चौरंगाखाली ढकललेला, त्याच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा, कारण पूजेत असलं भंगार दिसू नये! "तुह्या कम्प्युटरलेबी आज कोणी हात लावत नाई," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर शाळकरी पोरीचा आनंद होता. डब्याच्या वायरी कशाबशा ओढून मी सीडी न बघताच आत सरकवली आणि प्रश्नांना उत्तरं देत गेले. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, जुनं सगळं पुसू का. पूस म्हटलं. मग यंत्राचं नाव काय ठेवू म्हणून विचारलं.

"बाबाचं टाक," आई कढी ढवळत म्हणाली. "गॅस त्यायच्या नावानं, लाईट त्यायच्या नावानं. हे काहून वेगळं?"

मी टाइप केलं आणि झालं म्हणून सांगितलं.

अर्ध्यावर जाऊन ते थांबलं. सीडी वाचता येत नाही म्हणे. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. बाहेर काढली तर चकचकीत बाजूवर आईच्या बोटाचं कुंकू, वर चिकटलेली अक्षत! पूजा करायची तर सुंदर बाजूला करावी, असा तिचा हिशोब. मी कपाळ बडवून घेतलं आणि ओरडले. ओरडल्याबरोबर ती दचकून दोन पावलं मागे सरली आणि तिनं हात कपाळासमोर आडवा धरला. माझ्या आवाजाला! मी कापसानं सीडी मधून कडेकडे पुसत राहिले, तिनं जवळ बसून तेलाच्या बोटानं नाही, तर फुंकरीनं उरलेलं कुंकू उडवलं. मग पहिल्यापासून सगळं पुन्हा. तेच प्रश्न, तीच उत्तरं, या वेळी डोळे मिटून देता आली असती. सीडी घरघरली आणि सामान लागायला लागलं.

भजी तळून होत आली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. बाबांची पावलं आम्ही दोघी मोजत नसू, ऐकत असू, आणि ही पावलं वाईट होती. दवाखान्यातलं कोणीतरी दुकानात सणाचं कापड घ्यायला आलं होतं आणि सहज म्हणून बोलून गेलं होतं.

"धंतोलीले नौकरी करून राहिली म्हणे माही पोरगी," बाबा दारातच म्हणाले. आवाज अजून दुकानातलाच, गोड. "खोलीबी घेतली म्हणे माय-लेकीनं. गिऱ्हाइक सांगते मले. माह्याच दुकानात उभं राहून सांगते."

"आज सण हाये," आई म्हणाली. "जेवून घ्या आधी."

त्यांनी भज्यांची परात उलथली. मग मला वेणीला धरून उठवलं आणि डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, मधल्या खुंटीला कान लागला आणि गालावरून गरम ओघळ मानेत उतरला. आई मध्ये आली. तिला त्यांनी पोटात लाथ मारली, ती ओट्याच्या कडेवर तोंड आपटून पडली. हे सगळं हातापायांनी चाललं होतं, आणि इतकं होऊनही मला आतून खात्री होती की आज एवढ्यावर निभावेल. मग बाबा चौरंगाकडे वळले. आईला ते माझ्या आधी कळलं. ती सरपटत पुढे गेली आणि चौरंग आणि त्यांच्यामध्ये हात पसरून बसली.

"आज नाई. पूजेतला हाये थो. पाया पडते तुमच्या, पूजेतल्याले हात नका लावू."

त्यांनी गज उचलला. फूल खाली पडलं. पहिला वार तिच्या पसरलेल्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कापड फाडल्यासारखाच, सरळ आणि कोरडा. ती किंचाळली नाही, तिच्या तोंडून नुसती हवा निघाली. दुसरा माझ्या पाठीवर, तिसरा पुन्हा तिच्या खांद्यावर. गजावरचं कुंकू भिंतीवर उडत होतं आणि त्यातलं कुंकू कोणतं आणि रक्त कोणतं ते कळत नव्हतं. "हे पाहिजे तुले? हे?" असं ओरडत त्यांनी दोन्ही हातांनी गज पडद्यात घातला. मोठा फटाका फुटावा तसा आवाज झाला. काचा भज्यांच्या परातीपर्यंत उडाल्या, माळ तुटली, जळका वास सुटला. बाबांनी आणखी चारदोन घाव घालून पडद्याचा नुसता चुराडा करून टाकला. मग गज खाली टाकला, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, सदरा बदलला, केस विंचरले. खाली सोनं द्यायला माणसं यायला लागली होती. जाताना म्हणाले, "मेला तुमचा कम्प्युटर. बसा आता सुतक पाळत."

मी त्यांचा द्वेष करते. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात, मी झाले नाही, आणि या एका बाबतीत व्हायचंही नाही.

आई मोडका हात मांडीवर घेऊन काचांमध्ये बसली होती. तिच्या हाताकडे तिचं लक्षच नव्हतं. "मेलं पोरी," ती हुंदके देत म्हणत होती, "तुहं मशीन मेलं वं. मीच ठेवलं थे पूजेत. आता कोठी जाशीन तू?" मी तिच्या तोंडावर हात ठेवला. "आई, गप. ऐक."

चौरंगाखाली, लुगड्याच्या तुकड्याआड, डबा घरघरत होता.

मी कीबोर्ड काचांतून ओढून काढला. आमच्याकडे पडदा नव्हता, पण मी हे सगळं सकाळी एकदा अर्ध्यापर्यंत पाहिलं होतं आणि करुणाचं बोलणं मला पाठ होतं. कान डब्याला लावून बसले. आत सीडी फिरायची, थबकायची, पुन्हा फिरायची. खालून बाबांचा आवाज येत होता, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," आणि लोकांचं हसणं. मग आतलं सगळं शांत झालं. पहिल्यांदा थांबलं की खरंच बंद पडलं, ते कळायला मार्ग नव्हता. एंटर दाबलं. काही नाही. माझ्या तोंडात रक्ताची चव आली, मी ओठ चावत होते. मग आत काहीतरी खरखरलं आणि सीडी पुन्हा फिरायला लागली. आईनं चांगल्या हातानं माझा दंड आवळून धरला. पुन्हा शांतता. पुन्हा एंटर. आणि लुगडं हललं. आतून कोणी हात पुढे करावा तसा सीडीचा ट्रे कापडासकट बाहेर आला, त्यावर ती चकचकीत सीडी. आईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग फुटलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे हा डबा..." ती म्हणाली.

"हो. हाच."

फुटक्या ओठानं ती हसायला लागली. तिला हसताना खांदा दुखत होता म्हणून रडत होती आणि थांबत नव्हती. मग तिनं स्वतःहून उठून शेगडीवरची कढी उतरवली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "बांध." मी डबा त्याच लुगड्याच्या तुकड्यात बांधला, वर एक चादर घेतली. आणखी काही घेतलं नाही.

दुकानात चार माणसं बसली होती, हातात आपट्याची पानं. आईनं जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून डोक्यावरचा पदर खाली घेतला. तो लोंबता हात आणि सुजलेलं तोंड सगळ्यांनी पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं गांधीबागेत कोणाला काही दाखवलं नव्हतं.

"कोठी चालली वं?" बाबांचा आवाज पुन्हा गोड झाला होता.

"दवाखान्यात. हात मोडला."

 एकानं आपली पानं खिशात घातली.

"अन् हे गाठोडं?"

"डबा हाये, पडद्याखालचा. मेलं ना थे मशीन तुमच्या हातानं. जाता जाता भंगारात टाकते."

बाबा पाहुण्यांकडे बघून हसले. पाहुणे हसले नाहीत. "ने, ने," ते म्हणाले, "घाण गेली घरातून." आणि त्यांनी आमच्यासाठी स्वतःच्या हातानं दुकानाची अर्धी ओढलेली फळी बाजूला केली.

धंतोलीत आमच्या बाईंचा दवाखाना सणामुळे बंद होता, शेजारी हाडांचे डॉक्टर होते. प्लास्टर घालताना त्यांनी विचारलं, "कशा पडलात?" मी सवयीनं तोंड उघडलं. आई म्हणाली, "पडली नाई मी. नवऱ्यानं मारलं. लोखंडाच्या गजानं, पूजेतल्या." डॉक्टरांनी मान वर केली, तिनं ती वाक्यं पुन्हा तशीच सांगितली आणि ते लिहून घेईपर्यंत वाट पाहिली. मग आम्ही खाप्याची बस धरली. डबा माझ्या मांडीवर, आईचं डोकं डब्यावर. बाई सुट्टीवरून आल्या की मागच्या खोलीत जायचं होतं, तोवर मामाकडे.

मामानं काही विचारलं नाही, प्लास्टरकडे पाहून तो तसाच गावात गेला आणि ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडून पडदा मागून आणला. मागाच्या खोलीत, पूजा झालेल्या मागाशेजारी आम्ही सगळं जोडलं. बटण दाबलं. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या, मामाला वाटलं बिघडलं. मग पडदा काळा झाला आणि डाव्या कोपऱ्यात एकच ओळ उरली, तिच्या टोकाशी उघडझाप करणारी बारीक रेघ. यंत्र आपलं नाव सांगून आत कोण येतंय ते विचारत होतं.

आईला इंग्रजी अक्षरं कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या शिक्क्यांवरून येत होती. तिनं बोट ठेवून एकेक लावलं, ओठ हलत होते. दोनदा लावलं.

"गिरजा," ती म्हणाली. "हे कोणं सांगतलं याले?"

"मी."

"बाबाचं टाकलं म्हणे ना तू?"

"झालं म्हटलं होतं. बाबाचं टाकलं असं कुठं म्हटलं."

तिनं ते नाव बोटानं पुन्हा एकदा गिरवलं. मामीनं सवयीनं देवापुढची कुंकवाची कोयरी आणून पुढे केली, नवं यंत्र घरात आलं होतं आणि अजून दसराच होता. आईनं चांगल्या हातानं ती हळूच बाजूला सारली आणि पदराच्या टोकानं पडदा पुसून काढला.

"नको वं," ती म्हणाली. "याले आता कुंकू नाई लावत."